आडनावातला ख

मंगळवार, ९ मार्च १९९३

सेक्रेटरी झालो. एकमतानं नाही, पण झालो.

हर्लीच्या पबच्या मागच्या खोलीत तेरा माणसं जमली होती. ठराव असा की चौदा ऑगस्टला आमच्या कारिगमोर गावच्या मैदानावर आपल्या आडनावाच्या माणसांचा मेळावा भरवायचा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जिथून कुणी येईल तिथून. आयर्लंडच्या या कोपऱ्यातल्या गावात असं काही आजवर झालेलं नाही. मी बेचाळीस वर्षं कॉर्क शहराच्या पोस्टात पत्रं लावली, निवृत्त होऊन इथं आलो त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात आज पहिल्यांदा मला जेवायची आठवण राहिली नाही. म्हणून ही वही. मेळाव्याचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवायला हवा.

एक गालबोट लागलं. मी उभा राहून म्हटलं, "मी बार्टी कॉलन." दाराजवळ नोनी बसल्या होत्या. त्या शाळेची बस चालवतात. त्या म्हणाल्या, "या गावात कॉलन कुणी नाही. कॉखलन आहेत."

लोक ग्लासात तोंड घालून हसले. आडनाव एकच, अक्षरं तीच, फरक फक्त मधल्या 'जी-एच' या दोन अक्षरांच्या उच्चाराचा. शहरात आम्ही ती गिळतो, आणि ही माणसं घसा खाकरल्यासारखा तिथं ख काढतात. मी शांतपणे सांगितलं की शिकलेली माणसं कॉलनच म्हणतात. त्यावर त्या म्हणाल्या, मग शिकलेल्यांनी मेळावा शहरात भरवावा. माईया हर्लीनं (पब त्याचा, म्हणून अध्यक्षही तोच) विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

बाईंचं काय बिनसलंय कळत नाही. बैठकभर माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी काहीतरी कबूल करायची वाट बघतायत.

शनिवार, २० मार्च

एकसष्ट पत्रं टाकली. पत्रं लावणं वेगळं आणि टाकणं वेगळं. पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात आत ठेवून उभा होतो. पोस्टातली मुलगी काचेतून बघत होती.

मेळाव्यासाठी छोटी पुस्तिका लिहायला घेतलीय, आडनावाच्या उगमाची. सुरुवात तयार आहे, कारण ती वडिलांनीच सांगून ठेवलीय. आपण ऑफली परगण्यातले सरदार, शॅनन नदीकाठी आपले किल्ले होते. वडील शहरात कापडाच्या दुकानात होते, मोजकं बोलायचे, पण हे दर नाताळला सांगायचे. कारिगमोरबद्दल मात्र एवढंच, की आजी-आजोबा आम्ही जन्मायच्या आधीच गेले आणि तिथं आता आपलं कुणी नाही. या गावाचं नावसुद्धा मला त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सापडलं, तेही ते गेल्यावर.

शुक्रवार, २ एप्रिल

फोन आला, तोही थेट अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावाहून. खाणीत काम करायला गेलेल्यांची नात. म्हणाली, "मी लोरेटा कॉफलिन." मला वाटलं लाइन खराब आहे. पण नाही, तिकडे सगळे कॉफलिनच आहेत. अकरा जण येणार आहेत.

मी धावत जाऊन नोनींना बसच्या खिडकीतून सांगितलं. वाटलं, आता यांचा खरा राग तिकडे वळेल. त्यांनी शांतपणे गिअर टाकला. म्हणाल्या, "तिची माणसं शंभर वर्षांपूर्वी समुद्रापार गेली. एखादं अक्षर पाण्यात पडायचंच. तुम्ही पन्नास मैलांवरून आलात." बस गेली. खिडकीतून सगळी पोरं मला हात करत होती.

रविवार, १८ एप्रिल

दफनभूमीत यादी केली. नोनी स्वतःहून आल्या, बादली आणि ब्रश घेऊन. मी म्हटलं नव्हतं.

काय मजा आली म्हणून सांगू. एकाच आडनावाची सात स्पेलिंगं सापडली. एका दगडावर तर नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं. पाथरवटाला जसं ऐकू आलं तसं त्यानं कोरलं. नोनी गुडघ्यावर बसून शेवाळ घासायच्या, अक्षर दिसलं की मला हाक मारायच्या, मी लिहून घ्यायचो. दोन तासांत एकदाही भांडलो नाही.

कोपऱ्यात एका जागी दगड नाही, पण गवत नीट कापलेलं. मी विचारलं, इथं कोण? म्हणाल्या, "ज्याला दगड कुणी लावला नाही तो." आणि बादली उचलून फाटकाकडे गेल्या. मी नोंद केली : बिननावाची एक, सुस्थितीत.

गुरुवार, ६ मे

पुस्तिकेचा मसुदा नोनींना वाचायला दिला होता. परत आला. किल्ल्यांच्या दोन पानांखाली पेन्सिलीनं लिहिलंय, "छान. यातलं कारिगमोरचं काय?"

वर तोंडी सांगितलं ते असं. ऑफलीचे ते आडनावाआधी 'मॅक' लावणारे, आपण 'ओ' लावणारे. दोन वेगळी घराणी, एकमेकांशी नातं नाही, इंग्रजीत लिहिताना तेवढी सारखी दिसायला लागली. आपलं मूळ नाव ओ कोखलान. 'कोखल' म्हणजे डोक्यावरून ओढून घ्यायची खोळ, टोपडं असलेला झगा. कुणीतरी एक झगेवाला होता, त्याची ही सगळी पिलावळ.

घरी येऊन शब्दकोश उघडला. 'कोखल' आहे, आणि अर्थ तोच आहे. आणि ख आहे. ठसठशीत.

सरदार व्हायला बसलो होतो, झगेवाला झालो. पण खरं सांगायचं तर किल्ल्यांची पानं लिहिताना मला एवढी धडधड झाली नव्हती. पावसात डोक्यावर खोळ ओढून चाललेला माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. सरदार कधी दिसला नाही.

तरी वडील खोटं कशाला सांगतील? किल्ल्यांची पानं अजून फाडलेली नाहीत.

गुरुवार, २७ मे

डब्लिनहून उत्तर आलं. तिथल्या लोककथांच्या संग्रहाला मी मार्चमध्ये लिहिलं होतं की आमच्या आडनावाचं काही असेल तर कळवा. संग्रहातल्या एका बाईंनी कळवलंय की १९४८ साली त्यांची गाडी ध्वनिमुद्रणाची तबकडी घेऊन आमच्या भागात हिंडली होती, आणि एक नोंद अशी आहे : डोनल ओ कोखलान, कारिगमोर, वय ८२, दोन गोष्टी, एक प्रार्थना आणि स्वतःची वंशावळ. कॅसेटवर उतरवून पाठवतो म्हणतात.

डोनल हे माझ्या आजोबांचंही नाव, वडिलांच्या दाखल्यावर आहे. अर्थात इथं दर तिसरा डोनल. पण आमच्या मेळाव्यात पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज, आमच्याच गावचा. कर्ण्यावरून लावू. माईयाला सांगितलं तर त्यानं ग्लास पुसायचं थांबवलं आणि विचारलं, "नोनीला सांगितलंस?" सांगितलं. त्यांनी बस बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि फक्त "कधी येणार?" विचारलं.

त्या एवढ्या पांढऱ्या का पडल्या? काल गावातल्या शाळेचा निम्मा वर्ग तापानं आजारी होता, त्यांनाही लागण झाली असावी.

गुरुवार, ३ जून

अक्षर कसं येईल ते येईल.

सकाळी दहाला कॅसेट आली. चहा टाकला, तो तसाच उकळून गेला. खरखर, मग कुणीतरी खोकलं, मग आवाज. आयरिशमध्ये. शाळेत शिकलेलं होतं तेवढ्यावर भागलं, शिवाय डब्लिनच्या बाईंनी लिखित प्रत जोडली होती. म्हातारा म्हणतो, मी डोनल ओ कोखलान. काय तो ख. खडीवरून होडी ओढल्यासारखा. मग बापाचं नाव, त्याच्या बापाचं, सात पिढ्या मागे, न अडखळता. मग थांबतो. ध्वनिमुद्रण करणारा विचारतो, आणि पुढे? मुलंबाळं?

तो म्हणतो, "एक मुलगा. मायकल. कॉर्कला कापडाच्या दुकानात असतो. त्याला मुलगी आहे, रीटा. आणि मुलगा पार्थलॉन, त्याला ते बार्टी म्हणतात. सोळा वर्षांचा असेल आता. मी त्यांना पाहिलेलं नाही."

मी यंत्र बंद केलं. परत लावलं. किती वेळा ते मोजलं नाही.

मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा ते जिवंत होते. माझं नाव त्यांच्या तोंडी होतं. इथं, याच गावात. पन्नास मैलांवर.

शुक्रवार, ४ जून

नोनींच्या दारात कॅसेट घेऊन गेलो. त्यांनी आत घेतलं. ऐकल्यावर बराच वेळ टेबलावरच्या कापडाची घडी नीट करत राहिल्या. मग सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं उतरवतोय.

डोनल त्यांच्या शेजारी राहायचा. बायको लवकर गेलेली. म्हाताऱ्याला इंग्रजी लिहिता येत नसे, म्हणून नाताळचं पत्र नोनी लिहून द्यायच्या. दहा-बारा वर्षांच्या होत्या. मजकूर दरवर्षी तोच : मी बरा आहे, पोरांना एकदा घेऊन ये. उत्तर कधी आलं नाही; पोरांची नावं-वयं शहरात जाऊन आलेल्यांकडूनच कळायची. मुलगा घर सोडून गेला तेव्हा भांडण झालं होतं, एवढंच गावाला माहीत; कारण म्हाताऱ्यानं फक्त नोनींना सांगितलेलं. दुकानाच्या मालकानं मायकलला सांगितलं होतं की गिऱ्हाइकांसमोर ते घसा खाकरणारं नाव चालायचं नाही. मायकल सुट्टीत घरी आला तेव्हा बापासमोर स्वतःला कॉलन म्हणाला. बाप म्हणाला, कॉलन माझ्या घरात राहत नाही. मायकल निघून गेला. बस, एवढंच. एका अक्षरावरून.

डोनल १९५१च्या फेब्रुवारीत गेला. ती कोपऱ्यातली जागा त्याची. गवत नोनी कापतात.

मी म्हटलं, मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "आम्हाला काय ठाऊक? तुम्ही आलात, मायकलचा मुलगा म्हणून गाव ओळखत होतं, माईयाच्या आईनं तर कपाळावरून ओळखलं. वाटलं, आता विचाराल, मग विचाराल. तुम्ही उभे राहून बापासारखंच कॉलन म्हणालात. मला वाटलं, म्हाताऱ्याची लाज वाटते याला. तुमच्याकडे बघितलं की मला माझी ती पत्रं आठवायची."

मग मला एक गोष्ट सुचली, ती मी त्यांना सांगितली आणि इथंही लिहायलाच हवी. १९४९ आणि ५०च्या नाताळात मी पोस्टात लागलो होतो. नवीन पोर म्हणून पश्चिमेकडून येणाऱ्या थैल्या माझ्याकडे असत. ती दोन पत्रं माझ्या हातातून गेली असणार. मी आमचा पत्ता वाचला असेल आणि ती आमच्या गल्लीच्या खणात टाकली असतील.

नोनींनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी अक्षर फार वाईट काढायचे," त्या म्हणाल्या. "तुला कळलं नसतंच."

बुधवार, ९ जून

पाच दिवस लिहिलं नाही. किल्ल्यांची पानं फाडली.

वडिलांचा राग येतो, मग त्यांचा दुकानातला वाकलेला खांदा आठवतो. ते मोठ्या आवाजात कधी बोलले नाहीत. मी समजायचो स्वभाव आहे.

रीटाला फोन केला. माझी बहीण, सहासष्ट वर्षांची, अजून शहरातच असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चोवीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला तू आता कोर्टात उभं करणार का?" मी म्हटलं, मेळाव्याला ये. म्हणाली, आता उरलेत ते दिवस मला कॉलन म्हणूनच पुरतील. फोन ठेवला.

रविवार, २७ जून

गावच्या बोटींच्या धक्क्यावर नोनी मला ख शिकवते. गंमत नव्हे, रोज संध्याकाळी अर्धा तास. मेळाव्यात व्यासपीठावरून माझी ओळख मला स्वतःला करून द्यायची आहे, आणि एकसष्ट वर्षांची जीभ वळत नाही. एकदा 'कॉकलन' येतं, एकदा 'कॉहलन'. नोनी म्हणते, घशात माशाचा काटा अडकलाय आणि समोर बिशप बसलाय असं समज, मोठ्यानं खाकरायचं नाही पण काढायचा तर आहे. मी एवढा हसलो की बोटीवरचे लोक वळून बघायला लागले.

आज एकदा आला. मी पुन्हा म्हणायला गेलो तर गायब. पण एकदा आला.

नोनीनं मला मासे दिले, कालही दिले होते. माईया म्हणतो, ती कुणाला मासे देत नाही. ताजे असतील जास्तीचे.

सोमवार, १९ जुलै

एकशे चाळीस जण नक्की. सिडनीहून सहा. लोरेटाचं पत्र, तिला कर्ण्यावर 'कॉफलिन' ऐकायचंय, तिच्या आजोबांसाठी. समितीत पाऊण तास भांडण. शेवटी नोनीच म्हणाली, येऊ द्या ना तिचा फ पण. ती स्वतःच्या तोंडानं म्हणेल, आम्ही आमच्या. माईयानं हे ठरावात लिहायला सांगितलं. मला हे मार्चमध्येच सुचायला हवं होतं.

आजोबांचा दगड पाथरवटानं पोचवला. मी आणि नोनीनं उभा केला. वर त्यांचं नाव त्यांच्या भाषेत आहे.

सोमवार, १६ ऑगस्ट

दोन दिवस उलटले तरी कानात अजून सगळं चालू आहे. जमेल तेवढं लिहितो.

शनिवारी सकाळी आठला मैदानावर गाड्या यायला लागल्या. दहापर्यंत एकशे साठ माणसं. सगळ्यांच्या छातीवर चिठ्ठीत तेच आडनाव, आणि जो तो दुसऱ्याची चिठ्ठी वाचून मोठ्यानं म्हणतोय. कॉलन, कॉगलन, कॉफलिन, कॉखलन. सिडनीचा एक जण तर कफलॅन. खोकल्याच्या साथीत दवाखाना असावा तसा आवाज. लोरेटा आली, साडेपाच फूट उंच, लाल कोट, मला मिठी मारून रडायलाच लागली. ब्यूटच्या खाणीत तिचे आजोबा बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांचं घर कुठलं ते नोनीनं तिला बोटानं दाखवलं. आता तिथं नुसती भिंत आहे. ती भिंतीला हात लावून उभी राहिली, तिचे दहा नातेवाईक मागे रांगेत.

अकराला व्यासपीठावर गेलो. समोर बघतो तर तिसऱ्या रांगेत निळी टोपी. रीटा. कळवलं नव्हतं तिनं. सकाळची पहिली बस धरून आली होती.

मी माईक धरला आणि म्हटलं, "मी बार्टी कॉखलन. डोनल ओ कोखलानचा नातू."

आला. पहिल्या फटक्यात आला. टाळ्या पडल्या त्या मला नीट ऐकू आल्या नाहीत, कारण मी नोनीकडे बघत होतो आणि ती बसच्या पायरीवर बसून डोळे पुसत होती. वारा फार होता.

मग कॅसेट लावली. एकशे साठ माणसं आणि एक म्हातारा. आयरिश समजणारे पाच-सहा असतील, तरी कुणी हललं नाही. सात पिढ्या. मग रीटाचं नाव आलं, मग माझं. माईयाची आई, नव्वदीची, मोठ्यानं म्हणाली, "डोनलच हा. अगदी डोनल."

कार्यक्रम संपल्यावर लोक गर्दी करत होते. रीटा कुठं दिसेना. ती नव्या दगडाजवळ होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. मी शेजारी उभा राहिलो. ती दगडाकडेच बघत बोलायला लागली.

"डॅडींच्या शेवटच्या दिवशी तू ड्यूटीवर होतास. नर्स नवीन होती, तिनं त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. तिला कळलं नाही, तिनं परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं, तीनदा. बार्टी, आत्ता कर्ण्यावर आला ना, तोच आवाज. मी म्हटलं, सिस्टर, त्यांच्या घशात कफ अडकलाय. आम्ही दोघींनी त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आता बरं वाटतंय ना डॅडी. त्यांनी मान हलवली."

मी तिचा हात धरून उभा राहिलो.

संध्याकाळी पाचला तिला जवळच्या स्किबरीन शहरातून परतीची बस होती. नोनीनं शाळेची बस काढली. आम्ही तिघंच, बाकी सगळी बाकं रिकामी. गावाबाहेर पडल्यावर रीटानं नोनीला विचारलं, "तो आवाज काढतात कसा?" नोनीनं आरशातून तिच्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. जीभ कुठं ठेवायची, श्वास कुठं अडवायचा. रीटा पर्स मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून म्हणायला लागली. पहिल्यांदा नाही आलं. दुसऱ्यांदा नाही. चौथ्या वेळी आलं, आणि ती दचकलीच, जणू कुणीतरी तिच्याच तोंडून हाक मारली.

मग थांबलीच नाही. स्किबरीन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत म्हणत राहिली, कधी हळू, कधी मोठ्यानं, आणि बाजारात बस थांबली तरी तिला उतरायचं भान नव्हतं.